राक्षसभुवनची लढाई व तिच्या पूर्वीचा मुलूखविध्वंस

गोदावरीच्या दक्षिणतीरीं, हल्लींच्या बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्यांत, राक्षसभुवन हें गांव आहे. यात्रेकरूंस तें शनीच्या देवस्थानामुळें ठाऊक आहे; इतिहासाच्या वाचकांस तें १० ऑगस्ट १७६३ (शके १६८५) च्या लढाईमुळें ठाऊक आहे. निजामअली नदी उतरून पलीकडे गेला होता. नदीस पूर आल्यामुळें दिवाण विठ्ठल सुंदर यांच्या हाताखालील फौज अलीकडे राहिली. तिच्यावर माधवराव पेशवे व राघोबादादा तुटून पडले. दादांचा हत्ती शत्रूनें वेढला असतां पुतण्यानें त्यांस सोडविलें. दिवाण रणांत पडला. एवढी हकीकत सर्वश्रुत आहे, व ती पुन्हा सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. लढाई एका दिवसाची झाली. तिच्यापूर्वीं कित्येक महिने जें युद्ध चाललें होतें, त्याचा विचार येथें कर्तव्य आहे. त्या महिन्यांत पेशव्यांनीं निजामाची फौज गांठली नाहीं आणि निजामास पेशव्यांची फौज गांठतां आली नाहीं. दोघांनींही एकमेकांचा मुलूख मात्र गांठला.

या युद्धाचें मूळ घरांतील कलहांत आहे. जानेवारी १७६१ मध्यें पानिपत झालें व त्याच वर्षीं जून महिन्यांत नानासाहेब वारले. माधवरावांस सोळा वर्षांच्या वयांत पेशवाई मिळाली, परंतु कारभार कोणाचा हा प्रश्न मिटला नाहीं. नोव्हेंबर १७६२ मध्यें आळेगांव येथें पुतण्यानें चुलत्याच्या स्वाधीन होऊन राज्य दुभंगूं दिलें नाहीं. दादांनीं मात्र सत्ता हातीं येतांच पटवर्धनांची मिरज घेतली व भवानराव प्रतिनिधींस दूर केलें. दुखावलेले गोपाळराव पटवर्धन निजामास मिळाले. नागपूरकर जानोजी भोसलेही त्याच बाजूस गेले. भीमेपलीकडील मुलूख आपणांस मिळावा अशी मागणी निजामाच्या दरबारानें केली. अशा रीतीनें १७६३ च्या आरंभीं परकीय युद्ध व गृहकलह हीं एकच झालीं.

समोरासमोरची लढाई देण्यास पेशव्यांची तयारी नव्हती. त्यांची फौज औरंगाबादेकडे गेली, तेथून वऱ्हाडांत उतरली व पुढें हैदराबादेच्या प्रांतापर्यंत खंडणी घेत, गांवें लुटीत गेली. निजामानें कांहीं काळ पाठलाग केला. तो निष्फळ होतांच तो पुण्यावर वळला. लोक गडांच्या आश्रयास पळाले. ज्यांनीं खंडणी भरली त्यांचीं घरें वांचलीं. उरलेलीं खणून काढण्यांत आलीं अथवा जाळण्यांत आलीं. पर्वतीच्या देवालयांतील मूर्तींसही उपद्रव पोंचला. सिंहगडाच्या पायथ्याचें गांव जळालें, व त्या धामधुमींत सरकारी दप्तरांतील पुष्कळ कागद नष्ट झाले. आज पेशवाईच्या पूर्वार्धाविषयीं संशोधकास जी उणीव पदोपदीं जाणवते, तिचें एक कारण ही आग होय.

आतां या दोन कृत्यांचें वर्णन आपण कोणत्या शब्दांनीं करितों, तें पाहावें. निजामानें पुणें जाळिलें त्यास आपण अत्याचार म्हणतों. आपल्या फौजेनें वऱ्हाड लुटलें त्यास मुलूखगिरी म्हणतों. ज्या कुणब्याचें बियाणें गेलें व बैल गेले, त्यास हा भेद कळण्यासारखा नव्हता. शिवाय वऱ्हाडांतील व मराठवाड्यांतील रयत बहुतांशीं मराठीच बोलत होती. ती निजामाची रयत होती, एवढाच तिचा अपराध. विजयाचा अभिमान ठेवण्यास हरकत नाहीं. परंतु त्याच्या जमाखर्चांत हें खर्चाचें पान वगळल्यास तो हिशेब खरा होणार नाहीं.

असें कां घडलें, याचें उत्तर त्या काळच्या राज्यव्यवस्थेंत आहे. फौज वसुलावर पोसली जाई, व वसूल थकला कीं ती शत्रूच्या मुलखावर पोसावी लागे. शत्रूचा वसूल तोडणें म्हणजेच त्याची फौज मोडणें. तहाची भाषाही हीच होती. २५ सप्टेंबर १७६३ रोजीं औरंगाबादेस जो तह झाला, त्यांत सुमारें ८२ लक्षांचा मुलूख निजामानें सोडला. मुलूख कोसांनीं मोजला नाहीं, उत्पन्नानें मोजला. बत्तीस लक्षांच्या मुलखाच्या आशेनें जानोजी लढाईपूर्वींच निजामापासून वेगळे झाले होते. ज्या रयतेला लुटलें, तिच्याच भावी श्रमाची ही वांटणी होती.

राज्यकारभारावरही परिणाम झाले. लढाईंतील कर्तबगारीमुळें माधवरावांचें वजन वाढलें व कारभाराचीं सूत्रें हळूहळू त्यांच्या हातीं आलीं. मिरज पटवर्धनांस परत मिळाली, प्रतिनिधींची पुनःस्थापना झाली. याच सुमारास निजामाची राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस गेली.

जर्मन सेनापति लूडेनडॉर्फ यानें १९३५ सालीं सर्वंकष युद्धावर ग्रंथ लिहिला, तेव्हांपासून ही संज्ञा रूढ झाली. ती १७६३ च्या युद्धास अर्धीच लागू पडते. नागरिकांचें घर, धान्य व देवालय हें लक्ष्य झालें, येथवर साम्य आहे. परंतु तें सरकार पाटील, देशमुख व सावकार यांच्याकडून खंडणी घेई. प्रत्येक घराशीं त्याचा दररोजचा संबंध नसे. दुसऱ्या महायुद्धांत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता. शत्रूचा एकही स्वार तेथें आला नाहीं. तरी धान्याची लेव्ही शेतकऱ्याच्या दारापर्यंत आली. पहिल्या प्रसंगीं युद्ध स्वतः चालून आलें. दुसऱ्या प्रसंगीं सरकारच युद्ध घेऊन घरांत शिरलें.

असो. उजाड गांव पुन्हा वसविण्यासाठीं त्या काळीं कौल देत, वसुलांत सूट देत, व इस्ताव्यानें सारा वर्षावर्षानें चढवीत. गेवराई, बीड, पैठण या बाजूच्या देशमुख-देशपांडे घराण्यांत शके १६८५ नंतरच्या पांचदहा वर्षांचे असे कागद असल्यास ते त्यांनीं उजेडांत आणावे. लढाई कोणी जिंकली हें बखरी सांगतात. तिची किंमत कोणी व किती वर्षें फेडली, हें त्या कौलांवरून कळेल.