जपानातील काडीमोड : मठाच्या दारापासून न्यायालयापर्यंत

विवाह जोडण्याचे विधी सर्व समाजांत थाटाने वर्णिलेले आढळतात; तो मोडण्याची वाट मात्र बहुधा अबोल राहते. जपानात ही वाट एके काळी मठाच्या दारातून गेली.

एदो काळात (१६०३–१८६८) सामान्य जनांत काडीमोडीचे पत्र लिहिण्याचा अधिकार पतीचाच असे. ते बहुधा साडेतीन ओळींचे, म्हणून त्यास ‘मिकुदारिहान’ म्हणत. त्यावाचून पत्नीस पुनर्विवाह करता येत नसे. पती पत्र देईना, तर तिला कामाकुरा येथील तोकेइजी या भिक्षुणींच्या मठाचा आधार होता. होजो तोकिमुने याची विधवा काकुसान हिने तो १२८५ मध्ये स्थापिला. मठाधिकारी प्रथम उभय पक्षांची समजूत घालीत. ते न साधल्यास काही वर्षे मठात राहून स्त्री मुक्त होई.

१८७३ मध्ये शासनाने पत्नीस न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार दिला. मात्र सोबत पिता, बंधू वा आप्त लागे. १९४७ मध्ये कायद्याने पतिपत्नी समान ठरली. आता उभयतांची संमती असल्यास नगरकचेरीत नोंद पुरते. नसल्यास कुटुंबन्यायालयात आधी समेट, मग दावा.

आपल्याकडेही बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये, तर भारताने १९५५ मध्ये हिंदू स्त्रीस हे दार उघडले. ज्यांच्या पूर्वजांची सुटका शर्तबंद मजुरीच्या कागदावर अवलंबून होती, त्यांस त्या साडेतीन ओळींचे मोल निराळे सांगावयास नको.