अनुभव आधी, पडदा नंतर

मुंबईच्या पूर्व उपनगरांत, मानखुर्द येथे असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या इतिहासात वर्गात कोणते साधन केव्हा वापरावे, या प्रश्नाचाही इतिहास गुंफलेला आहे. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञ महापालिकेच्या शाळांकडे वळले. खडू-फळा आणि पाठांतर यांत अडकलेले विज्ञान मुलांच्या हाती प्रयोगरूपाने यावे, ही त्यांची तळमळ होती. तिच्यातूनच 1974मध्ये हे केंद्र उभे राहिले आणि मानखुर्दला येण्यापूर्वी त्याचे काम नाना चौकातील महापालिका शाळेच्या इमारतीतून चालले.

याच प्रश्नाची तात्त्विक मांडणी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी 1946मध्ये ‘अनुभव-शंकू’ या आकृतीद्वारे केली होती. शंकूच्या तळाशी स्वतः करून घेतलेला अनुभव, मध्ये सहल, प्रदर्शन व चित्रपट आणि टोकाला केवळ शब्द, अशी ही रचना मूर्ताकडून अमूर्ताकडे जाते. ऐकलेले किती टक्के आणि केलेले किती टक्के लक्षात राहते, याची जी कोष्टके या शंकूला जोडली जातात, ती मात्र डेल यांची नव्हेत.

ओल्या कापसावर ठेवलेल्या मुगाला दोन दिवसांत मोड येतात. त्यांची लांबी पट्टीने मोजून वहीत नोंदवणे चौथीच्या मुलाला सहज जमते आणि त्यासाठी पडदा लागत नाही. तीच वाढ सलग, डोळ्यांदेखत घडताना दाखवायची असेल, तर मात्र चित्रपटच हवा. कुंडीतील वाटाण्याची वाढ थोडी थोडी चित्रित करून दादासाहेब फाळके यांनी 1912च्या सुमारास मुंबईतच हे सामर्थ्य सिद्ध केले होते. 1984मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘बालचित्रवाणी’ने असे दृक्‌श्राव्य, म्हणजे पाहता व ऐकता येणारे, पाठ दूरदर्शनमार्फत मुलांपर्यंत पोहोचवले, परंतु मुलाला शंका आली म्हणून प्रसारण थांबत नसे, त्यामुळे आधीची तयारी आणि नंतरची चर्चा शिक्षकावरच अवलंबून राहिली.

केंद्राने 1980च्या दशकात महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या प्रकल्पातून आणखी एक गोष्ट पुढे आली: पुस्तकाची अवघड भाषा हाच अनेकांच्या वाटेतील मोठा अडसर होता. म्हणून साधनाची निवड करताना शिक्षकाची भाषाही साधनांतच मोजली पाहिजे. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या वर्गांत डिजिटल फळे आले, तरी जे मुलाला हाताने करता येते ते त्याला करू द्यावे आणि जिथे हात पोहोचत नाही तिथेच पडदा उघडावा, हाच या इतिहासाचा निर्वाळा आहे.