बाह्य रंगांची कसोटी : यंत्रातील तास आणि कॅनडातील हिवाळे

घराच्या बाहेरील भिंतीवरचा रंग किती वर्षे टिकेल हे खात्रीने जाणून घ्यायचे, तर तितकीच वर्षे थांबावे लागते. उत्पादकांना तेवढी सवड नसते. म्हणून ऊन, पाऊस आणि दव यांचा मारा एका पेटीत कोंडून काही आठवड्यांत घडवून आणण्याची पद्धत रूढ झाली.

अशा यंत्रांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात झेनॉनचा दिवा असतो. योग्य गाळण्या लावल्यास त्याचा प्रकाश सूर्यप्रकाशाशी बराच जुळतो. त्याच्या एका प्रचलित चक्रात १०२ मिनिटे नुसता प्रकाश आणि पुढील १८ मिनिटे प्रकाशासह पाण्याचे फवारे असतात. दुसऱ्यात अतिनील किरणांच्या नळ्या असतात : ६० अंश सेल्सिअसला ८ तास किरण, मग ५० अंशांवर ४ तास अंधारात दव. नळीची निवड येथे निर्णायक ठरते. भूपृष्ठावर सुमारे २९५ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचे किरण जवळपास पोहोचतच नाहीत. काही जुन्या नळ्या मात्र तेही सोडतात. त्यांच्याखाली चांगला रंगही अकारण नापास होऊ शकतो.

ठरावीक तासांनंतर चकाकी, रंगछटेतील फरक, तडे आणि फोड तपासले जातात. भिंतीवरून हात फिरवला की तळव्याला लागणारी पांढरी भुकटी हेही मोजले जाणारे लक्षण आहे. बांधणारे राळद्रव्य उन्हाने झिजले, की रंगद्रव्याचे कण मोकळे होऊन ही भुकटी सुटते. टायटॅनियम डायऑक्साइडचा अनाटेज प्रकार ही झीज वाढवतो, म्हणून बाह्य रंगांत रुटाइल प्रकार वापरतात.

इथवर सारे ठीक. पण चाचणीची पट्टी बहुधा धातूची असते. तिला फक्त समोरून भिजवले जाते. कॅनडातील लाकडी घराची व्यथा निराळी आहे. हिवाळ्यात घरातील उबदार, दमट हवा फटींतून भिंतीत शिरते, थंड बाह्य आवरणामागे तिचे पाणी किंवा हिम होते आणि वसंतात ते वितळून रंगाला मागून ढकलते. मग पोपडे सुटतात आणि दोष रंगाच्या डब्यावर जातो. ओटावातील राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९४७ मध्ये इमारत संशोधन विभाग स्थापला. त्याच्या ‘कॅनेडियन बिल्डिंग डायजेस्ट’ या मालिकेत एच. ई. ॲश्टन यांनी १९६०च्या दशकापासून रंग आणि हवामान या विषयावर लिहिलेल्या पत्रिका आजही वाचण्याजोग्या आहेत.

‘यंत्रातील हजार तास म्हणजे बाहेरची अमुक वर्षे’ असे गणित सर्वत्र लागू पडत नाही. हॅलिफॅक्सची खारी हवा, रेजायनाचे कोरडे ऊन आणि टोरांटोतील वारंवार गोठणे-वितळणे यांना एकच गुणक कसा पुरणार? यंत्राचा खरा उपयोग तुलनेसाठी : एकाच पेटीत, एकाच वेळी ठेवलेल्या दोन रंगांपैकी आधी कोणता ढासळतो, एवढे ते सांगते. म्हणूनच उघड्यावर, दक्षिणेकडे तोंड करून ठेवलेल्या पट्ट्यांची संथ चाचणी अद्याप बाद झालेली नाही. त्यासाठी जगभर दक्षिण फ्लोरिडा प्रमाण मानला जातो. पण तेथे ऊन व दमटपणा मिळतो, जानेवारीतील टोरांटो नव्हे.

डब्याच्या माहितीपत्रकावरील एका उल्लेखाने हमखास गैरसमज होतो. ‘गोठण-वितळण स्थैर्य’ ही चाचणी डब्यातील ओल्या रंगाची असते : उणे १८ अंशांवर १७ तास, मग खोलीच्या तापमानात ७ तास, असे काही फेरे. रंग वाहतुकीत वा थंड गोदामात नासणार नाही, एवढाच तिचा अर्थ; भिंतीवरील थराशी तिचा संबंध नाही.

घरमालकाने विक्रेत्याला विचारावे ते हे : उघड्यावरची चाचणी कोठे झाली, किती वर्षे, आणि लाकडावर की धातूवर? ‘पंचवीस वर्षांची हमी’ असेल, तर ती केवळ नव्या डब्याची की मजुरीचीही, हेही पाहावे. खर्चाचा मोठा वाटा सहसा मजुरीचाच असतो. आणि ऑक्टोबरात काम काढायचे असल्यास डब्यावरील किमान तापमान रात्रीच्या पाऱ्याशी ताडून पाहावे. पाण्यावर आधारित रंगाचे कण थंडीत नीट एकजीव होत नाहीत, आणि असा थर प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेल्या थरासारखा राहत नाही.