क्रॉस जॉइन म्हणजे काय? टेबलमध्ये नसलेली ओळ शोधायची कशी?

समजा, एका तालुक्यात ६० रेशन दुकाने आहेत. कोणत्या दुकानाने कोणत्या महिन्यात किती धान्य वाटले, याच्या नोंदी डेटाबेसच्या एका टेबलमध्ये आहेत. आता वरून विचारणा होते, की वर्षभरात कोणत्या दुकानाने कोणत्या महिन्यात धान्य वाटलेच नाही? प्रश्न साधा वाटतो, पण टेबलमध्ये नोंद असते ती झालेल्या वाटपाची. ज्या महिन्यात काही वाटलेच नाही, त्याची ओळच तिथे नाही. मग नसलेली ओळ काढायची कुठून?

इथे कामाला येतो क्रॉस जॉइन. एसक्यूएल शिकवताना हा जॉइन बहुधा सगळ्यात शेवटी, घाईघाईने उरकला जातो आणि सोबत ‘हा शक्यतो वापरू नका’ असा सल्लाही मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

क्रॉस जॉइन म्हणजे सरळ गुणाकार. पहिल्या टेबलमधल्या प्रत्येक ओळीला दुसऱ्या टेबलमधली प्रत्येक ओळ जोडायची. पत्त्यांचा कॅट घ्या. एका टेबलमध्ये इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर हे ४ रंग, दुसऱ्यात एक्का ते राजा अशी १३ पाने. दोघांचा क्रॉस जॉइन केला की ५२ ओळी मिळतात, म्हणजे अख्खा कॅट (जोकर वगळून). कुर्त्याचे ५ रंग आणि ४ मापे असतील, तर दुकानदाराला लागणारी २० प्रकारांची यादी अशीच तयार होते. इतर जॉइनमध्ये दोन टेबलांमधला समान कॉलम सांगावा लागतो, इथे अशी कोणतीही अट नसते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. दोनपैकी एक टेबल रिकामे असेल तर उत्तरही रिकामे येते. शून्याने गुणले की शून्यच.

गणितात याला कार्टेशियन गुणाकार म्हणतात. हे नाव फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणिती रने देकार्त यांच्यावरून पडले. १९७० साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली, तेव्हा टेबलची व्याख्याच या गुणाकारावर बेतलेली होती: शक्य असलेल्या सगळ्या जोड्यांपैकी ज्या खरोखर घडल्या, तेवढ्यांचा संच म्हणजे टेबल. रेशनचे वाटपाचे टेबलही तसेच आहे. दुकाने आणि महिने यांच्या ७२० शक्य जोड्यांपैकी जिथे वाटप झाले, तेवढ्याच जोड्या त्यात आल्या आहेत. न झालेले वाटप शोधायचे, तर आधी सगळ्या ७२० जोड्या समोर मांडायला हव्यात.

आज्ञा अशी दिसेल (संगणकावर हे शब्द रोमन लिपीत टाइप करायचे):

सिलेक्ट दु.नाव, म.महिना
फ्रॉम दुकाने दु
क्रॉस जॉइन महिने म
लेफ्ट जॉइन वाटप वा
ऑन वा.दुकान_क्र = दु.दुकान_क्र
अँड वा.महिना = म.महिना
व्हेअर वा.दुकान_क्र इज नल;

आधी क्रॉस जॉइन ६० दुकाने आणि १२ महिने यांच्या ७२० ओळी तयार करतो. मग लेफ्ट जॉइन त्यांच्यापुढे वाटपाची नोंद ठेवतो, आणि जिथे नोंद सापडत नाही तिथे नल, म्हणजे कोरी जागा सोडतो. शेवटची ओळ फक्त त्या कोऱ्या जागा निवडते. दर महिन्याला दुकानागणिक एकच नोंद आहे आणि वाटपाच्या टेबलमध्ये अशा ६५५ ओळी आहेत असे धरले, तर उत्तरात ६५ ओळी येतील. तपासायच्या जोड्या त्याच.

हे केले नाही तर काय बिघडते? सरासरी काढून पाहा. एका दुकानाने वर्षात फक्त ३ महिने, दर वेळी ४० क्विंटल धान्य वाटले. नुसत्या वाटपाच्या टेबलवरून सरासरी काढली तर ती महिना ४० क्विंटल येते, कारण संगणक असलेल्या ३ ओळींनीच भागतो. १२ महिन्यांनी भागले तर उत्तर १० क्विंटल आहे. आणि ज्या दुकानाने वर्षभर काहीच वाटले नाही, ते तर अहवालात दिसतच नाही. सगळ्यात वाईट दुकान अहवालातूनच गायब, आणि कागदावर तालुका एकदम छान!

या पद्धतीत तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले म्हणजे महिन्यांची यादी वाटपाच्या टेबलमधूनच काढणे. एखाद्या महिन्यात कोणत्याच दुकानाने वाटप केले नसेल, तर तो महिना यादीतूनही जातो. यादी वेगळी लिहावी. १२ ओळी हाताने टाकल्या तरी चालतात आणि पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी जनरेट सिरीज नावाचे फंक्शन आहे. दुकानांची यादीही परवान्यांच्या नोंदीतूनच घ्यावी. दुसरे, वाटपाच्या टेबलवरची एखादी अट, उदाहरणार्थ ‘वर्ष = २०२४’, व्हेअरमध्ये घालणे. कोऱ्या ओळींमध्ये वर्षही कोरेच असते, त्यामुळे नेमक्या हव्या असलेल्या ओळी गळून पडतात. ती अट ऑनमध्येच हवी. तिसरे घसरणे तांत्रिक नाही: नलच्या जागी डोळे झाकून शून्य भरणे. ‘धान्य वाटले नाही’ आणि ‘नोंद केली नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शिवाय दुकान ऑगस्टमध्ये सुरू झाले असेल तर जानेवारीची जोडी मुळातच निरर्थक आहे. क्रॉस जॉइन फक्त रिकामी जागा दाखवतो. ती का रिकामी आहे, हे माणसानेच जाऊन विचारायचे.

न सांगता होणारा क्रॉस जॉइन

आता त्या सल्ल्याकडे. ‘क्रॉस जॉइन’ हे शब्द एसक्यूएलच्या १९९२ च्या मानकात आले. त्याआधी दोन टेबलांची नावे मध्ये स्वल्पविराम देऊन लिहायची आणि जोडणारी अट व्हेअरमध्ये घालायची, अशी रीत होती. ती अजूनही चालते. ती अट विसरली की चूक दाखवली जात नाही. संगणक निमूटपणे गुणाकार करून टाकतो. १ लाख ग्राहक आणि १ लाख ऑर्डर असतील तर १००० कोटी ओळी! सर्व्हर अडकून बसतो आणि निदान काहीतरी चुकल्याचे कळते तरी.

खरा धोका छोट्या टेबलांचा. बिलांच्या टेबलला चुकून दोनच ओळींचे एखादे टेबल अट न लावता जोडले गेले, तर प्रत्येक बिल दोनदा मोजले जाते आणि विक्री बरोबर दुप्पट दिसते. ना एरर, ना उशीर. ओळी दोनदा आलेल्या पाहून काही जण बेरजेत डिस्टिंक्ट घालून मोकळे होतात. त्याने चूक झाकली जाते आणि नवी चूक जन्माला येते, कारण दोन ग्राहकांची बिले योगायोगाने ४५० रुपयांचीच असतील, तर त्यातले एक बेरजेतून गळते.

नवीन पद्धतीने, म्हणजे जॉइन आणि ऑन असे शब्द वापरून लिहिले, तर हा धोका बराच कमी होतो. पोस्टग्रेसमध्ये इनर जॉइन लिहून ऑन विसरले तर आज्ञा चालतच नाही. मायएसक्यूएल मात्र तिथेही ढील देतो: त्याच्या लेखी जॉइन, इनर जॉइन आणि क्रॉस जॉइन एकच, त्यामुळे ऑन नसला तरी आज्ञा चालते आणि गुणाकार होतो. म्हणून गुणाकारच हवा असेल तेव्हा ‘क्रॉस जॉइन’ असे स्पष्ट लिहावे. सहा महिन्यांनी तीच आज्ञा वाचणाऱ्याला हे मुद्दाम केले होते की विसरून झाले, हे तेवढ्यावरून समजते.

टेबल स्वतःशीच जोडायचे असेल तेव्हाही हा जॉइन उपयोगी पडतो. सोसायटीच्या कॅरम स्पर्धेत ८ खेळाडू असतील, तर खेळाडूंचे टेबल स्वतःशी क्रॉस जॉइन केल्यावर ६४ ओळी येतात. त्यात प्रत्येकाची स्वतःशीच पडलेली गाठ असते आणि प्रत्येक सामना दोनदा असतो. ‘पहिल्याचा क्रमांक दुसऱ्यापेक्षा लहान’ एवढी एक अट घातली, की उरतात नेमके २८ सामने.