केरळच्या शाळांतील संगणक : जतनाचा इतिहास

शाळेला संगणक मिळाला की समारंभ होतो, हारतुरे होतात. परंतु पाच वर्षांनी तो चालू असेल काय, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारीत नाही. या प्रश्नाचे उत्तर केरळच्या शाळांनी कसे दिले, हे आपण पाहू.

२००१ साली केरळ शासनाने ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा प्रकल्प सुरू केला. आरंभी त्यात विकतच्या सॉफ्टवेअरचे प्राबल्य होते. शिक्षक संघटना व मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते यांनी त्यास हरकत घेतली. पुढे शाळांतून लिनक्सचा स्वीकार झाला आणि शालान्त परीक्षेतील संगणकाचा विषयही त्यावरच घेतला जाऊ लागला.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स याने १९९१ साली रचला. तो कोणासही घेता येतो, बदलता येतो, वाटता येतो. त्यामुळे केरळने शाळांसाठी स्वतःची आवृत्ती तयार केली. एकच आवृत्ती सर्वत्र बसविल्याने एका शाळेत सापडलेला उपाय दुसऱ्या शाळेतही लागू पडे. विद्यार्थ्याला स्वतंत्र खाते दिले की परवलीच्या शब्दावाचून त्याला मूळ व्यवस्थेत फेरफार करता येत नाही. चुकून काही बिघडले, तरी बहुधा ते त्याच्या खात्यापुरतेच राहते.

तथापि खरे श्रेय यंत्राला नव्हे, माणसांना आहे. निवडक शिक्षकांना ‘मास्टर ट्रेनर’ म्हणून तयार करण्यात आले. त्यांनी इतरांना शिकविले. प्रत्येक शाळेत संगणकाची जबाबदारी एका शिक्षकावर सोपविली गेली व त्याच्या मदतीस विद्यार्थीही नेमले गेले. २०१७ साली प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या मंडळांतून मुलेही हे काम शिकू लागली. २०१९ साली दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर नवी आवृत्ती बसविण्याचे काम हाती घेतले गेले.

वाचकहो, यातून घ्यावयाचा बोध असा, की फुकट सॉफ्टवेअर म्हणजे फुकट देखभाल नव्हे. पैसा परवान्यावर खर्च होत नसेल, तर तो शिक्षकाच्या प्रशिक्षणावर व्हावा आणि या कामासाठी वेळापत्रकात त्याला तास मिळावेत. एरवी संगणकाच्या खोलीला कुलूप लागते, आणि ज्याच्या घरी संगणक नाही त्या मुलाचेच त्यात नुकसान होते. तेव्हा शाळेला संगणक देणाऱ्या दात्यांनी व घेणाऱ्या संस्थाचालकांनी, तो सांभाळणार कोण, हे आधी ठरवावे, एवढीच विनंती.