गोणी जिथे उतरली

शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाचे दिवस आले की वाशीम जिल्ह्यातल्या तांड्यांवर आजोबांचा शोध सुरू होतो. जात पडताळणीसाठी विमुक्त जातीच्या उमेदवाराला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर दाखल-खारीज रजिस्टरात नाव सापडते. नसतील तर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा एखादा जुना उतारा, जे हाती लागेल ते. तेही नसेल तर पणजोबांकडे जावे लागते, आणि तिथे बहुतेकांची वाट बंद होते. ज्या पिढ्यांचे आयुष्य बैलांमागे चालण्यात गेले, त्यांनी एका जागी बसून कागद का ठेवला नाही, असाच जणू हा प्रश्न असतो.

हा माणूस वऱ्हाडात आला कसा, याची एक कथा छापील स्वरूपात उपलब्ध आहे. वऱ्हाड पोलिसांतील अधिकारी एन. एफ. कंबरलेज यांनी बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिले, ते 1882 मध्ये पुन्हा छापले गेले. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या आपल्या ग्रंथात प्रामुख्याने त्याचाच आधार घेतला. त्यानुसार 1630 च्या सुमारास मोगल वजीर आसफखानाच्या फौजेबरोबर भंगी आणि जंगी हे राठोड नायक 1,80,000 बैल घेऊन दख्खनेत उतरले. फौजेला दाणागोटा पुरवण्याच्या बदल्यात त्यांना पाणी, चारा आणि इतर सवलतींचा ताम्रपट मिळाला, असे परंपरा सांगते. बैलांचा आकडा कोणी मोजून लिहिलेला नाही, हे उघड आहे. पण आपण इथे कोणाच्या मागे लागून नव्हे, तर कोणाला तरी हवे होतो म्हणून आलो, ही भावना त्या आकड्यात शाबूत राहिली आहे.

आणि ते खरोखर हवे होते. 1803 मध्ये आर्थर वेलस्ली वऱ्हाडात लढत होता. अडगाव आणि गाविलगडच्या त्या मोहिमेत त्याच्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग ‘ब्रिंजारीं’च्या धान्याची वाट पाहण्यात गेला आहे. शांततेच्या काळात हेच तांडे कोकणपट्टीचे मीठ घाटावर आणत आणि वऱ्हाडचा कापूस पार मिर्झापूरपर्यंत नेत. पावसाळ्यात चारा-पाणी पाहून मुक्काम, पाऊस उघडला की पुन्हा गोण्या बैलांच्या पाठीवर. माणसे जन्मली वाटेवर, लग्ने झाली मुक्कामावर आणि मेलेल्यांना मागे ठेवून तांडा पुढे गेला.

1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. दीड-दोन मणांची गोणी वाहणारा बैल आगगाडीशी स्पर्धा करू शकत नव्हता. तांड्यांसमोर दोनच वाटा उरल्या: रिकाम्या बैलांसह भटकत राहून पोलिसांच्या संशयाला तोंड देणे, किंवा थांबणे. ‘गुन्हेगार जमाती’ ठरवणारा पहिला कायदा 1871 चा आहे, हा योगायोग समजू नये. वाहतूक संपली की फिरणारा माणूस राज्यकर्त्यांच्या लेखी उपयोगाचा उरत नाही, तो केवळ संशयाचा होतो.

थांबलेल्यांपैकी एकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. चतुरसिंग राठोड हे तांड्याचे नायक. त्यांनी पुसदजवळ गहुली वसवली. आज गहुली यवतमाळ जिल्ह्यात आहे, पण 1905 पर्यंत पुसद तालुका बासीम, म्हणजे वाशीम जिल्ह्यातच होता. तांड्याला वाटेवरून उतरवून जमिनीवर आणणे सोपे नव्हते. ज्याने कधी नांगर धरला नाही त्याने नांगर धरायचा, ज्याने दरवर्षी मुक्काम बदलला त्याने एकाच पाणवठ्यावर उन्हाळा काढायचा. राठोड हे कूळ आणि नाईक हे पद. पुढे पदच आडनाव झाले. चतुरसिंगांचे नातू वसंतराव नाईक 1 जुलै 1913 रोजी गहुलीत जन्मले आणि 1963 ते 1975 अशी अकरा वर्षे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. 1991 मध्ये वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव त्याच पदावर आले. एका आजोबाने योग्य वेळी, योग्य जागी गोणी उतरवली, त्याचे हे फळ.

पण सगळ्यांच्या आजोबांना गहुली लाभली नाही. जे थांबले, त्यांची नोंद त्यांनी स्वतः केली नाही. ती पाटलाने, पटवाऱ्याने, जनगणनेच्या कारकुनाने केली. तांड्यातला माणूस स्वतःला गोरमाटी म्हणे. कागदावर तो कुठे लमाण, कुठे लंबाडा, कुठे चारण, तर कुठे वंजारी झाला. इंग्रजी कागदपत्रांत ‘वंजारी’ आणि ‘बंजारा’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. आज महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जाती ‘अ’ मध्ये आणि वंजारी भटक्या जमाती ‘ड’ मध्ये आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या एका अक्षराने नातवाची फाइल अडते, ती अशी.

दुसरा अडथळा नदीचा. पैनगंगा ही वऱ्हाडची दक्षिण सीमा. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, नदीपलीकडे निजामाचा अंमल चालू राहिला. एकाच कुळाचे दोन भाऊ एकाच पावसाळ्यात दोन काठांवर थांबले असतील, तर त्यांची वंशावळ एक आणि दप्तरे दोन. पुढे राज्यांच्या याद्या झाल्या तेव्हा हा फरक आणखी रुंदावला. कर्नाटकात लंबाणी अनुसूचित जातीत गेले. आंध्रात सुगाळी-लंबाडा अनुसूचित जमातीत आले आणि 1976 च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगणालाही तो दर्जा मिळाला. महाराष्ट्रात ते विमुक्त राहिले. हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय मराठा समाजासाठी निघाला आणि त्यानंतर बंजारा समाजाचे मोर्चे रस्त्यावर आले, त्याचे मूळ इथे आहे. अनुसूचित जमातींतील समाजांचा या मागणीला विरोध आहे, त्यांचीही बाजू ऐकावी लागेल. निवाडा कोणताही होवो, नातवाचा दर्जा आजोबाच्या जगण्यावरून ठरलेला नाही, बैल कोणत्या काठावर बसले यावरून ठरला आहे, ही गोष्ट इतिहासाने नोंदवायलाच हवी.

या आजोबांची खरी नोंद कुठे आहे? मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला, जिथे सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीला तिथे महाराष्ट्र, तेलंगण, कर्नाटक, आंध्र अशा चारही राज्यांतली गोरमाटी माणसे जमतात. सरकारी यादीने वेगळी केलेली ही भावंडे एकमेकांना गोत्र विचारतात आणि ओळख पटते, कागद लागत नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे बंजारा वारशाचे भव्य संग्रहालय उघडले. नगारा, दागिने, पोशाख काचेआड आले, ते चांगलेच झाले.

मात्र एक गोष्ट काचेआड ठेवता येत नाही. तांड्याबरोबर ढाडी असत. नायकाची पिढी, कुळाची शाखा, कुठून कुठे आलो हे ते गाऊन सांगत. तांड्याचे दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे त्यांची स्मृती. ती गाणारी माणसे आता थोडी उरली आहेत, ऐकणारी पोरे ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर गेलेली असतात. पणजोबा बैलांमागे चालले, पणतू मुकादमामागे चालतो आहे. तांड्या-तांड्यांवर जाऊन ही तोंडी वंशावळ ध्वनिमुद्रित करणे, गावाचे नाव, नदीचा काठ आणि थांबल्याची पिढी लिहून ठेवणे, यासाठी मोठी संस्था लागत नाही. एक वही आणि म्हाताऱ्या माणसापाशी बसायची तयारी पुरते. समिती ती वही पुरावा म्हणून मान्य करील की नाही, हा पुढचा प्रश्न. आजोबा कोण होते, हे निदान नातवाला तरी कळेल.