रान जाळून केलेलीं कुरणें

न्यूझीलंडचें नांव निघालें कीं हिरव्यागार टेकड्या, त्यांवर संथपणें चरणार्‍या गाई-मेंढ्या आणि तेथून देशोदेशीं जाणारें लोणी, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. हें चित्र खोटें नाहीं. परंतु तें निसर्गाचें देणें आहे, ही समजूत मात्र खरी नव्हे. त्या देशाच्या उत्तर बेटांत आज जेथें गाई चरतात, तेथें दीडशें वर्षांपूर्वीं अनेक ठिकाणीं सूर्यप्रकाशहि नीट जमिनीवर पोंचत नव्हता. हा पालट दोन-तीन पिढ्यांनीं कुर्‍हाडीच्या आणि आगीच्या बळावर घडवून आणला. तो कसा घडला आणि त्याचें मोल कोणी चुकविलें, हा इतिहास मनन करण्यासारखा आहे.

न्यूझीलंडचीं दोन मुख्य बेटें. दक्षिण बेटाच्या पूर्व भागांत उघडीं माळरानें होतीं; तेथें मेंढपाळांना कळप नुसते सोडून द्यावयाचे होते. उत्तर बेटाची गोष्ट निराळी. तेथें रिमू, टोटारा, राटा, टावा अशा वृक्षांचें सदाहरित अरण्य होतें आणि दलदलीच्या सखल भागांत दीड-दीडशें फूट उंचीचे काहिकाटिया उभे होते. इंग्रज वसाहतवाले या अरण्यास ‘बुश’ म्हणत. माओरी लोकांनीं पूर्वीच्या शतकांत आगी लावून पुष्कळ रान मोकळें केलें होतें. तरीहि १८४० च्या सुमारास देशाची जवळजवळ निम्मी भूमि झाडांखालीं होती. जें रान उरलें होतें तें माओरींच्या दृष्टीनें ओसाड नव्हतें. पक्षी, फळें, औषधी आणि होड्यांसाठीं टोटाराचें लांकूड हें सर्व त्यांना तेथूनच मिळे.

तेव्हां रान तोडण्यापूर्वीं तें त्याच्या धन्याकडून काढून घेणें प्राप्त होतें. कांहीं जमीन सरकारनें विकत घेतली. कांहीं १८६५ सालीं स्थापन झालेल्या न्यायालयाच्या मार्गानें माओरींच्या हातून गेली. आणि तारानाकी प्रांतांत युद्धानंतर ती सरळ जप्त झाली. तेथील पारिहाका गांवच्या ते व्हिटी व तोहू या पुढार्‍यांनीं शस्त्र न उचलतां प्रतिकार केला. त्यांच्या अनुयायांनीं मोजणीच्या खुंट्या उपटल्या आणि वसाहतवाल्यांच्या ताब्यांतील जमिनींतून नांगर फिरविले. ५ नोव्हेंबर १८८१ रोजीं सुमारें सोळाशें सशस्त्र माणसें गांवांत शिरलीं, तेव्हां त्यांना मुलांनीं गाणीं गाऊन सामोरें जावें असें त्या गांवानें ठरविलें होतें. पुढारी कैद झाले आणि रानाचा रस्ता मोकळा झाला.

रान तोडावयाचें तर माणसें हवींत. १८७० सालीं ज्यूलियस व्होगेल या अर्थमंत्र्यानें मोठें कर्ज काढून रस्ते व रेल्वे बांधण्याची आणि परदेशांतून वसाहतवाले आणण्याची योजना मांडली. कष्टाळू व काटक म्हणून नॉर्वे, डेन्मार्क व स्वीडन येथील कुटुंबांनाहि आमंत्रण गेलें. १८७२ च्या सप्टेंबरांत अशीं कुटुंबें घेऊन दोन जहाजें नेपिअर बंदरास लागलीं आणि ‘सत्तर मैलांचें रान’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या अरण्यांत नॉर्सवुड व डॅनेव्हर्क हीं गांवें वसलीं. घरटीं ४० एकर रान मिळालें. पुरुषांनीं सरकारी रस्त्यावर मजुरी करावी आणि उरलेल्या वेळांत स्वतःचें रान तोडावें, असा क्रम होता.

तोडण्याची रीत ठरून गेली होती. हिंवाळ्यांत प्रथम वेली, नेचे आणि लहानसहान झाडें साफ करीत. मग मोठ्या वृक्षांवर कुर्‍हाड पडे. उतारावर एक युक्ति योजीत. खालच्या अनेक झाडांना अर्धवट घाव घालून ठेवावयाचे आणि सर्वांत वरचें प्रचंड झाड त्यांवर पाडावयाचें. मग एकामागून एक सारी रांग कडकडाट करीत खालीं येई. पाडलेलें रान कांहीं महिने वाळूं देत. जानेवारी-फेब्रुवारी हा तिकडचा उन्हाळा. त्या वेळीं वार्‍याचा अंदाज घेऊन आग लावीत. जाळ चांगला झाला तर वर्षाचे कष्ट सार्थकीं लागत; मध्येंच पाऊस आला तर अर्धवट जळलेले ओंडके कित्येक वर्षें वाट अडवून बसत. कधीं आगच उलटे. १८८८ सालीं नॉर्सवुड गांवाचा मोठा भाग अशाच वणव्यांत भस्म झाला.

राख निवतांच तींत हातानें गवताचें बीं फेंकीत. नांगर चालण्यास जागाच नव्हती, कारण काळे पडलेले बुंधे सर्वत्र उभे असत. यांतलें बरेंचसें बीं दक्षिण बेटावरील बँक्स द्वीपकल्पांतून येई. तेथेंहि रान जाळूनच तें गवत लाविलेलें होतें. नंतर गुरें सोडीत. नेच्याचे व झुडपांचे फुटवे तुडवून आणि खाऊन टाकणें हें त्यांचें पहिलें काम, दूध मागाहून.

आपल्याकडे कोंकणांत आणि मावळांत भाताच्या रोपांसाठीं राब भाजतात, त्याची येथें आठवण होते. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. राबाचा तुकडा लहान असतो, आणि त्यासाठीं शेतकरी दरवर्षीं नव्या फांद्या व पालापाचोळा आणतो. न्यूझीलंडांत मात्र शतकांनुशतकें सांचलेलें भांडवल एका दुपारीं जाळलें जाई. त्या राखेवर पहिलें गवत जोमानें वाढे. पण ती राख दुसर्‍यांदा मिळणारी नव्हती.

आरंभींच्या वर्षांत गवतापासून रोख पैसा थोडाच मिळे. तारानाकींत तो पैसा अनपेक्षित मार्गानें आला. पाडलेल्या ओंडक्यांवर कानाच्या आकाराची अळंबी उगवे. च्यू चाँग नांवाच्या चिनी व्यापार्‍यानें ती वसाहतवाल्यांकडून रोखीनें विकत घेऊन चीनमध्यें पाठविण्यास सुरुवात केली. कुटुंबांतील बायकामुलेंहि ती गोळा करीत आणि त्यावर किराणा चाले. याच व्यापार्‍यानें १८८७ सालीं एल्थॅम येथें लोण्याचा कारखाना काढला.

लोण्याला खरी बाजारपेठ मिळाली ती शीतयंत्रामुळें. ‘डनीडिन’ हें जहाज १५ फेब्रुवारी १८८२ रोजीं गोठविलेलें मांस घेऊन निघालें आणि तें मांस मे महिन्यांत लंडनला सुस्थितींत पोंचलें. अर्ध्या पृथ्वीपलीकडचें गिर्‍हाईक हातीं आलें, आणि ओल्या रानांतील चाळीस-पन्नास गाईंच्या धन्यालाहि कांहीं आशा वाटूं लागली. गांवोगांवीं सहकारी दुग्धालयें निघालीं. लोणी पाठविण्यास वास नसलेल्या लांकडाचीं खोकीं हवीं असत, आणि काहिकाटियाचें लांकूड नेमकें तसें होतें. ज्या वृक्षांना हटवून गाईंना जागा केली, त्यांच्याच फळ्यांत त्या गाईंचें लोणी इंग्लंडला गेलें.

यशाच्या या काळांतच जमिनीनें आपल्या अटी सांगण्यास सुरुवात केली. बेटाच्या मध्यभागीं ज्वालामुखीच्या राखेची जमीन आहे. तेथें रान काढून गवत लाविलें. तें उत्तम वाढलें. पण गुडघाभर चार्‍यांत उभीं असलेलीं गुरें खंगून मरूं लागलीं. लोक या दुखण्यास ‘रानरोग’ म्हणत. लोहाची उणीव असावी, असा तर्क कित्येक वर्षें चालला. १९३५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं कोबाल्ट या धातूचें महत्त्व दाखविलें आणि न्यूझीलंडांतील प्रयोगांनीं तेंच सिद्ध झालें. एकरीं कांहीं औंस कोबाल्टचें लवण खतांतून मिळतांच तीच जमीन गुरांना मानवूं लागली.

राखेंतील सत्त्व संपलें तेव्हां तें बाहेरून आणावें लागलें. पॅसिफिक महासागरांतील नाऊरू या चिमुकल्या बेटावरील फॉस्फेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनीं मिळून खणून नेलें. १९४९ पासून विमानांतून डोंगरमाथ्यांवर खताचा वर्षाव होऊं लागला. तिकडे त्या बेटाचा मधला भाग खडकांचें ओसाड रान होऊन राहिला.

उभ्या चढांच्या जमिनींत मात्र खतानेंहि भागलें नाहीं. पहिल्या महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांना व्हांगानुई नदीच्या खोर्‍यांतील मांगापुरुआ दरींत जमिनी दिल्या. त्यांनीं रान तोडलें, जाळलें, घरें बांधलीं. पण चढ फार, रस्ता खचणारा आणि भाव पडते. दरींतील ओढ्यावर पक्का काँक्रीटचा पूल १९३६ सालीं पुरा झाला, तोंवर बहुतेक कुटुंबें निघून गेलीं होतीं. १९४२ सालीं सरकारनें रस्त्याची डागडुजी थांबविली आणि उरलेलींहि गेलीं. आज तो पूल दाट रानांत एकटाच उभा आहे. लोक त्याला ‘कोठेंहि न नेणारा पूल’ म्हणतात.

पूर्व किनार्‍यावरील डोंगरांत दुसरेंच संकट आलें. झाड तोडलें तरी त्याचीं मुळें कांहीं वर्षें माती धरून ठेवतात. तीं कुजलीं कीं मुसळधार पावसांत डोंगराची कातडी सोलल्याप्रमाणें उतार घसरूं लागतात. १९४१ सालीं मृदसंधारणाचा व नदीनियंत्रणाचा कायदा झाला. उतारांवर पॉप्लर व वाळुंजाचीं झाडें लावण्यांत आलीं. मार्च १९८८ च्या ‘बोला’ वादळांत पुन्हां हजारों ठिकाणीं दरडी कोसळल्या. मग पाइनची लागवड वाढविण्यांत आली. तो पाइनहि तोडणीस आला, आणि फेब्रुवारी २०२३ च्या ‘गॅब्रिएल’ वादळांत तोडणीनंतर उरलेले ओंडके नद्यांतून वाहत येऊन पुलांवर आणि किनार्‍यांवर आदळले.

या सर्वांवरून त्या वसाहतवाल्यांना दोष देणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. बहुतेक गरीब होते. सरकारनें त्यांना रान दिलें तें तोडण्याच्या बोलीनेंच, आणि लंडनच्या बाजारानें त्यांच्या लोण्याला भाव दिला. हिशेब चुकला तो असा कीं जमेच्या बाजूस गवत, दूध व लोणी मांडलें गेलें. खर्चाच्या बाजूस एक कुर्‍हाड, आगपेटीची एक काडी आणि माणसाचे कष्ट. माओरींची गेलेली भूमि, नाऊरूची माती आणि डोंगरांचे घसरते उतार त्या वहींत कोणीं लिहिले नाहींत. न लिहिलेलें तें ऋण नातवंडा-पतवंडांच्या दारीं येऊन उभें आहे, आणि उत्तर बेटांतील शेतकरी आज जेथें जेथें उतारावर पुन्हां झाड लावतो, तेथें तो त्याचाच एक हप्ता फेडीत असतो.